टाकीवरचा माणूस

संदेश आला तेव्हा मी पाण्याच्या टाकीच्या
एकतिसाव्या पायरीवर होतो,
हातातला फोन मारेगावच्या दिशेला धरून.
खाली स्टुलावर रेशनचं मशीन,
मशीनभोवती पिशव्या, पिशव्यांमागे बाया,
आणि पवनीकर दुकानदार, मान वर करून :
“आली काय रे कांडी?”

एक यायची. कधी एक येऊन परत जायची.
माझ्या फोनातून ती खाली मशीनमध्ये उतरली
की कोणाचे तरी तांदूळ सुटायचे.
महिन्यातले चार दिवस हेच माझं काम.
पगार नाही. चहा,
आणि पोत्याच्या तळाशी उरलेली कणी.

“प्रिय ग्राहक,” मी वरूनच मोठ्यानं वाचलं,
“आपल्या परिसरातील नेटवर्क अद्ययावत होत आहे.
चौदा ते सतरा तारखेस सेवेत व्यत्यय संभवतो.
त्यानंतर घराच्या आतही अखंड सेवा अनुभवा.”

“व्यत्यय म्हंजे काय रे बाप्पा?” गुंफाबाईनं विचारलं.
“आता जे चालू हाये न, थेच,” पवनीकर म्हणाला,
“फक्त तारीख लावून.”

चौदाला पांढरी गाडी आली.
बल्लारपूरचा इरफान कमरेला पट्टा बांधून
नव्या टॉवरवर चढला, मी टाकीवर.
दोघांच्या मधे तुरीचं वावर.
त्यानं हात केला, मीही केला.
एवढ्या उंचीवर गावात
आजवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.
त्याचं काम संपलं की माझं संपणार
हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं,
मीही नाही सांगितलं.
संध्याकाळी त्याला झुणका-भाकर नेऊन दिली.
मिरचीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं,
तरी दुसरी भाकर मागून घेतली.

अठराला सकाळी पाच कांड्या.
चुलीपाशी पाच, गोठ्यात पाच,
सोमा आत्रामची पोरगी संडासातून पुण्याच्या भावाशी बोलली
आणि आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.
टाकीखालचं स्टूल दुकानात गेलं,
पिशव्या गेल्या, बाया गेल्या.
मशीन आता झरझर चालतं.

मग लच्चूबाई मडावीचा अंगठा आला.

सत्तर वर्षांचा अंगठा.
तेंदूपानाचे पुडे बांधून, कापूस वेचून,
शिंदीच्या झाडण्या वळून
त्यावरच्या रेघा कधीच्याच निघून गेल्या आहेत.
मशीन म्हणालं, जुळत नाही.
पुसून लावला. जुळत नाही.
पदराला घासून, डोक्याचं तेल लावून, दुसऱ्या हाताचा.
जुळत नाही, जुळत नाही.
आधी हा नकार यायला अर्धा तास लागायचा
आणि तोवर कांडीच जायची.
मग लच्चूबाई टॉवरला शिव्या द्यायची,
पवनीकर वहीत लिहायचा : नेटवर्क नाही, धान्य दिले,
आणि ती पिशवी डोक्यावर घेऊन
टॉवरच्या सात पिढ्या उद्धरत घरी जायची.
आता नकार डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो,
आणि तो सरळ तिच्याच नावावर येतो.

पवनीकरनं वही उघडली, मिटली.
“काय लिहू मावशी? कांड्या तं फुल हायेत.”

ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली.
मग तिला मी दिसलो, 
रिकाम्या हातांनी पानठेल्यापाशी उभा.
“तू चढत नाहीस म्हून होत नाही रे,” ती म्हणाली.
“चढ न बापू एकडाव.”

मी पवनीकरकडे पाहिलं.
तो तराजूचं पारडं पुसत होता,
स्वच्छ होतं ते, तरी पुसत होता.

एकतीस पायऱ्या.
वर वारा होता, फोनमध्ये पाच कांड्या,
दूर टॉवरवर एक कावळा बसलेला.
दुकानाच्या दारात येऊन पवनीकरनं मान वर केली,
पेनचं टोपण दातात धरून :
“आली काय रे?”

“नाही!” मी ओरडलो.
“एकही नाही!”